डिजिटल करून आणलेल्या घरच्या कॅसेटी ठेवायच्या कशात?

पाचपाखाडीकर
आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे, पुढच्या महिन्यात घर रिकामं करून द्यायचंय. माळा उपसताना बाबांच्या व्हिडिओ कॅसेटींची खोकी निघाली. बहुतेक व्हीएचएस, थोड्या हाय-८ आणि शेवटच्या काही वर्षांच्या मिनीडीव्ही. लग्नं, मुंजी, गणपती, आजीची पंचाहत्तरी, कोकणातल्या सुट्ट्या. घोडबंदर रोडला एकजण घरूनच हे काम करतो, त्याच्याकडून सगळं डिजिटल करून आणलं. साधारण ५० तासांचं चित्रण आहे आणि एका हार्ड डिस्कवर साडेसहाशे जीबीच्या एव्हीआय फायली.

आता घरात तीन पक्ष. भाऊ म्हणतो गूगलवर टाक आणि मोकळा हो. बायको म्हणते डीव्हीडी करून कपाटात ठेव, आपल्या लग्नाची डीव्हीडी अजून चालते. ऑफिसातला एकजण म्हणतो नॅस घे. मला विचाराल तर इतक्या अवजड फायली कशाला हव्यात तेच कळत नाही. एमपी४ करून घेतलं आणि मोठ्या फायली उडवल्या तर काय बिघडेल? आणि मूळ कॅसेटींचं काय करायचं? भाड्याच्या घराला माळा नाही.

स्लो लोकल
मोठ्या फायली उडवू नका. बाकी सविस्तर रात्री लिहितो.

तिरकस
"सविस्तर रात्री लिहितो" म्हणून गेलेले लोक या संस्थळावर परत आल्याचा पुरावा नाही. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मी_कोपरीची
गूगलवर एकट्या भिस्त ठेवू नका. अनुभवाने सांगते. फुकट अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली, आता सगळं मिळून १५ जीबी. त्यात तुमचा एक तास तेवढा बसेल! पैसे भरून घेता येतं, पण भरणं थांबलं की काय? आमच्या सासऱ्यांचं खातं त्यांच्या फोनशी जोडलेलं. ते गेल्यावर सिम बंद केलं आणि ओटीपी येणार कुठे? शिवाय दोन वर्षं खातं वापरलं नाही तर ते आतल्या फोटो-व्हिडिओंसकट काढून टाकण्याचा गूगलचा नियम २०२३ पासून आहे. 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे, आपल्यामागे खात्यातलं कोणाला मिळावं ते त्यात आधीच लिहून ठेवता येतं. क्लाउड वापरणाऱ्या प्रत्येकाने आज रात्री जेवायच्या आधी ते करून टाका.

उकडीचा मोदक
क्लाउड क्लाउड काय करताय, ऐरोली-महापेला जाऊन बघा. बिनखिडकीच्या ठोकळ्यासारख्या इमारती आणि बाहेर जनरेटरांची रांग. लोकांचे ढग तिथेच आहेत. कॅसेटींचं खोकं घेऊन ट्रान्स हार्बरने रबाळेला उतरायचं आणि वॉचमनला द्यायचं, "एवढं वर ठेवा".

जुना टेप
मी १९८८ ते २००७ नौपाड्यात लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करत होतो, म्हणून थोडं हक्काने लिहितो.

पाचपाखाडीकर, ५० तासांचे ६५० जीबी म्हणजे तासाला १३. हे गणित डीव्ही फॉरमॅटचं आहे (मिनीडीव्ही कॅसेटीवर असतो तोच, कमी दाबलेला), तेव्हा काम करणाऱ्याने ते निदान व्यवस्थित केलंय. बरेच दुकानदार सरळ तासाला दीड-दोन जीबीची एमपी४ हातात देतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं काम झालं.

मोठी फाईल का ठेवायची ते सांगतो. आपल्याकडची व्हीएचएस पाल पद्धतीची. सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत येतं, आधी एक आड एक ओळी, मग उरलेल्या. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. जुन्या टीव्हीवर हे डोळ्याला कळायचं नाही. कॉम्प्युटरवर लावलं की हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. ते घालवायला 'डीइंटरलेस' करावं लागतं. नीट केलं तर हालचाल ५० च्या वेगाने गुळगुळीत राहते, अर्धवट केलं तर निम्मी हालचाल फेकली जाते आणि वरातीत नाचणारा मामा अडखळत नाचतो. एकदा एमपी४ मध्ये ते वाईट शिजवलं आणि मूळ फाईल उडवली, की पुन्हा नीट करायची संधी गेली. दहा वर्षांनी याहून चांगली सॉफ्टवेअरं येतील, त्यांना खायला मूळ माल लागेल.

आता महत्त्वाचं. तुमच्या मिनीडीव्ही कशा उतरवल्या ते त्या माणसाला विचारा. मिनीडीव्हीवर आधीच आकडे असतात. फायरवायर नावाच्या डिजिटल वायरने घेतलं तर कॅसेटवरचा डेटा जसाच्या तसा फाईलमध्ये येतो. पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या वायरने घेतलं तर आकड्यांचं चित्र करून पुन्हा आकडे, म्हणजे फुकटचं नुकसान. फरक ओळखायची एक खूण आहे. डीव्ही फाईलमध्ये शूटिंगची तारीख-वेळ आत लपलेली असते. मीडियाइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर लावून बघा. कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल तर मूळ तारीख दिसेल. एमपी४ करताना ही तारीख सहसा गळून पडते.

रेवा
@जुना टेप, काका, तुम्हीच का ते, आमच्या मावशीच्या लग्नात गुलाबाच्या फुलात नवरा-नवरीचे चेहरे आणणारे? :)

जुना टेप
नवरीच्या वडलांनी सांगितल्याशिवाय मी गुलाब कधी घातला नाही. बदामाच्या आकारात एका दृश्यावरून दुसऱ्यावर जायचं मात्र सगळ्यांनाच हवं असायचं. आणि गुरुजी मंगलाष्टकं म्हणताहेत त्यावर हिंदी गाणं. मिक्सिंगवाला दादरला बसायचा, त्याच्याकडे सीझनला नंबर लागायचा.

गोगलगाय
आणि तो हॅलोजन! एक पोरगा हात उंच करून नुसता दिवा धरून उभा. जेवणाच्या पंगतीत आपल्या तोंडावर दिवा आला की घास तोंडात तसाच. आमच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये माझे दीर श्रीखंडाची वाटी उचलतात आणि दिवा येताच खाली ठेवतात. पुन्हा उचलतात, दिवा परत येतो.

तिरकस
अवांतर वाढत चाललंय, पण छान चाललंय.

बेलापूरचा बोका
डीव्हीडीला उगाच नावं ठेवू नका. माझ्याकडे २००६ ची डीव्हीडी आहे, आजही कडक चालते. वहिनींचं बरोबर आहे.

मी_कोपरीची
बोकोबा, चालते कशात? गेल्या दहा वर्षांत घेतलेल्या किती लॅपटॉपांना ड्राइव्ह आहे?

बेलापूरचा बोका
बाहेरून जोडायचा मिळतो की.

सीवूड्सवाला
मिळतो, पण कुठवर? घरी रेकॉर्ड करायच्या डीव्हीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरावर लिहिलेली असते. तो थर उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने बिघडतो, आणि आपण राहतो खाडीच्या काठावर. स्वस्तातल्या डिस्कांच्या कडा आधी जातात. वर ४.७ जीबीत डीव्ही फाईल २०-२२ मिनिटांची मावणार. पाचपाखाडीकरांना दीडशेच्या आसपास डिस्का लागतील. तासभर कोंबायचं तर एमपेग-२ करून दाबावं लागेल. ब्ल्यू-रे म्हणाल तर सोनीने रेकॉर्ड करायच्या ब्ल्यू-रे डिस्का आणि मिनीडीव्ही कॅसेटी, दोन्ही बनवणं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केलं. एम-डिस्क नावाचा टिकाऊ प्रकार आहे, पण तो वाचायलाही यंत्र लागणारच.

जुन्या डीव्हीडी मात्र आत्ताच हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, आणि उतरवताना पुन्हा दाबू नका. आतला व्हिडिओ आहे तसा एमकेव्ही प्रकारच्या फायलीत काढणारी सॉफ्टवेअरं आहेत.

बेलापूरचा बोका
बरं. पण माझी चालते.

कळवेकर१९७९
वस्तू कोणती हे नंतर. आधी ती घरात कुठे, आणि दुसरी कोणाच्या घरात, ते बघा. २६ जुलै २००५ ला आमचं घर तळमजल्यावर होतं. कॅसेटी पलंगाखालच्या ट्रंकेत. दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडली तेव्हा कॅसेटच्या काचेतून आत गढूळ पाणी हलताना दिसत होतं. वडलांनी त्यातली एक उन्हात वाळवून व्हीसीआरमध्ये घातली. टेप तर तुटलीच, व्हीसीआरचं हेडही चिखलाने बसलं. बहिणीच्या बारशाची तेवढी वाचली, कारण मामाने मुलुंडला कॉपी नेली होती आणि परत करायला विसरला होता. एरवी त्या विसरण्यावरून आमच्याकडे किती बोलणी झाली होती.

उकडीचा मोदक
विसरभोळा मामा हा सर्वोत्तम बॅकअप. +१

सीवूड्सवाला
फक्त ठाणे आणि मुलुंड एकाच पावसात भिजतात. दुसरी प्रत घाटाच्या वर पाठवा, पुणे-नाशिक कुठेही.

स्लो लोकल
रात्र झाली, आलो. तिरकसराव, पुरावा नोंदवून घ्या.

नॅसपासून सुरुवात करतो, कारण मी वापरतो. नॅस म्हणजे घरातल्या वायफायला जोडलेला दोन किंवा जास्त डिस्कांचा डबा. सोय उत्तम, टीव्हीवर थेट दिसतं. पण दोन डिस्का एकमेकींची नक्कल करताहेत म्हणून तो बॅकअप ठरत नाही. तुम्ही फाईल चुकून पुसली की दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते. व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या, वीज खेळ करून गेली, चोराने डबा उचलला, सगळ्यांत दोन्ही एकदम जातात. तुमचं घर आता भाड्याचं, दोन-तीन वर्षांनी परत हलायचं. या मुक्कामात नॅसचा व्याप नको, असं माझं मत.

५० तासांसाठी बाहेरून जोडायच्या दोन साध्या हार्ड डिस्का पुरतात. एक टीबीची चालेल, दोनची घेतलीत तर फोटोही मावतील. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या किंवा निदान वेगवेगळ्या वेळी घ्या, म्हणजे एकाच खेपेतला दोष दोघींत नको. काम करणाऱ्याने दिलेली डिस्क ही तिसरी, तीही ठेवाच. कपाटात वर्षानुवर्षं बंद ठेवायला एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपवाली डिस्क, घेऊ नका. ती वेगवान असते, पण वीज न मिळता खूप काळ पडली तर तिच्यातला विद्युतभार ओसरून डेटा जाऊ शकतो. हार्ड डिस्कचं दुखणं वेगळं, ती पडली की संपली, आणि चालवलीच नाही तर एखाद दिवशी फिरायचं नाकारते. म्हणून दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही काढायच्या, लावायच्या, आरोग्य दाखवणारं सॉफ्टवेअर चालवायचं. पावसाळ्यात झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून.

डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, विंडोज आणि मॅक दोन्ही वाचतात. जुन्या फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, तुमची एकही पूर्ण कॅसेट जाणार नाही.

कॉपी केल्यावर फायली खरंच तशाच उतरल्या का, हे तपासायला चेकसम काढून ठेवा. फाईलच्या मजकुरावरून काढलेला तो एक लांबलचक आकडा असतो, फायलीत एक बिट जरी बदलला तरी वेगळाच येतो. फुकट साधनं आहेत, रात्री लावून झोपायचं. पाच वर्षांनी दोन डिस्कांवरच्या फायली वेगळ्या निघाल्या, तर खरी कुठली ते या आकड्यावरून कळतं.

चित्रपट-संग्रहालयांत एफएफव्ही१ नावाचा, काहीही न गमावणारा प्रकार वापरतात. उत्साहाच्या भरात तुमच्या डीव्ही फायली त्यात बदलू नका. जे डीव्हीत आधीच गेलंय ते परत येत नाही, फाईल मात्र फुगते. ज्यांचं काम अजून व्हायचंय त्यांनी व्हीएचएससाठी जरूर मागून बघावं.

आणि एमपी४ कराच! पण ते बघण्यासाठी आणि वाटण्यासाठी. एमपी४ मधलं एच.२६४ हल्लीच्या जवळजवळ सगळ्या टीव्हींना कळतं, डीव्ही एव्हीआय बहुतेक टीव्हींना कळत नाही. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरने होतं. डीइंटरलेस 'बॉब'वर ठेवा आणि फ्रेमरेट ५०.

पाचपाखाडीकर
बापरे, एवढं सविस्तर! मीडियाइन्फो लावून बघितलं. मिनीडीव्हीच्या फायलींत तारखा दिसल्या, म्हणजे फायरवायरनेच घेतलंय. फक्त बाबांच्या कॅमेऱ्याचं घड्याळ एका वर्षी १ जानेवारीलाच अडकलेलं दिसतंय, त्यामुळे गणपतीसुद्धा जानेवारीत आलेत.

सगळं क्लाउडवर चढवायला किती वेळ लागेल, कोणी सांगेल का? भाऊ हटून बसलाय.

सीवूड्सवाला
तुमचा चढवायचा वेग खरोखर ५० एमबीपीएस असेल तर ६५० जीबीला अखंड २९ तास. २० असेल तर तीन दिवस. वीज आणि वायफाय मध्ये जाणार, तेव्हा थांबलेल्या जागेवरून पुढे चढवणारं त्यांचं अॅप वापरा, ब्राउजरमधून नको. भावाला सांगा, पैसे तू भर, तिसरी प्रत म्हणून हवीच आहे.

रेवा
आम्ही नातेवाइकांसाठी यूट्यूबवर 'अनलिस्टेड' करून टाकलं. दुवा असेल त्यालाच दिसतं. पण काकांनी लिहिलंय तसं मंगलाष्टकांवर गाणं होतं, लगेच हक्काचा दावा आला आणि एका व्हिडिओचा आवाजच बंद केला. मग त्याच दृश्याचा न मिसळलेला मूळ आवाज शोधत बसलो, तो अर्थातच नव्हता.

जुना टेप
मिक्सिंग झाल्यावर कच्च्या कॅसेटींवर आम्ही पुढचं लग्न घ्यायचो. कॅसेट महाग होती, बाई.

गोगलगाय
व्हॉट्सॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जाते. व्हिडिओ म्हणून पाठवली की आजी आणि भिंत यांत फरक उरत नाही.

खारघरचा डोंगर
मूळ कॅसेटींबद्दल कोणीच बोललं नाही. माझं स्पष्ट मत, देऊन टाका. कोपरखैरण्याच्या वन रूम किचनमध्ये दोन खोकी घेऊन मी बारा वर्षं राहिलो. व्हीसीआर नाही, मिळाला तर रबर वितळलेला. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये थांबवलं. कशासाठी सांभाळायचं?

जुना टेप
असहमत. निदान सगळ्या फायली सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघून होईपर्यंत तरी थांबा. पुष्कळदा शेवटची वीस मिनिटं उतरवलेलीच नसतात, कारण मध्ये निळा पडदा आला आणि करणाऱ्याला वाटलं संपलं. आमच्या काळी लोक लग्न संपल्यावर उरलेल्या टेपवर घरचं काहीतरी घ्यायचे. खरा ऐवज तिथे असतो.

कॅसेटच्या काचेतून आत बघा. टेपच्या गुंडाळीवर पांढुरकी पावडर किंवा कोळ्याच्या जाळीसारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट वेगळी करा, चांगल्या व्हीसीआरमध्ये घालू नका, पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. बाकीच्या उभ्या ठेवा, पुस्तकासारख्या, पूर्ण रिवाइंड करून. लोखंडी कपाट चालेल, स्वयंपाकघराशेजारची भिंत नको. आणि व्हीएचएसच्या मागचा प्लास्टिकचा चौकोन तोडून टाका, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही.

खारघरचा डोंगर
काका, बघून झाल्यावर?

जुना टेप
बघून झाल्यावर लग्नाच्या मिक्सिंग केलेल्या द्या हवं तर. घरच्या कॅमेऱ्याच्या मिनीडीव्ही आणि हाय-८ ठेवा. चपलेच्या एका खोक्यात सगळ्या मावतात, त्याला माळा लागत नाही.

मी_कोपरीची
एक राहिलं. फायलींना नावं काय दिलीत? आमच्याकडे "कॅसेट ७ फायनल" अशी होती. आम्ही "१९९४-०५ मुंज रत्नागिरी" असं वर्ष पुढे ठेवून केलं, आपोआप क्रमाने लागतात. त्याहून जास्त कामाचं म्हणजे माणसांची नावं. सासूबाईंना टीव्हीसमोर बसवलं आणि मी वही घेऊन. "ही कोण?" "ही बेबी, चिपळूणची, हिचं पुढे इंजिनियरशी झालं." मिनिट-सेकंद आणि नाव. पंगतीतल्या अर्ध्या बायका फक्त सासूबाईंना ओळखू येत होत्या. ती यादी साध्या टेक्स्ट फायलीत, व्हिडिओच्या शेजारी त्याच फोल्डरमध्ये. डिस्क बाजारात पुन्हा मिळेल हो, बेबी कोण ते सांगणारं माणूस नाही मिळणार.

तिरकस
बेबीचं इंजिनियरशी झालं हे चिरंतन साठवणुकीत गेलं. आता बेबीने काय करावं?

गोगलगाय
मी_कोपरीची, मोठ्ठं अनुमोदन. आईकडे उद्याच जाते. नेरुळलाच आहे आणि मी सहा महिने "बघू" म्हणतेय.

बिनधास्त बटाटा
एआयने फोर-के करून घ्यायचं का? माझ्या मित्राने केलं, भारी दिसतं.

स्लो लोकल
गंमत म्हणून वेगळी प्रत करा. सॉफ्टवेअर नसलेले बारकावे स्वतःच्या मनाने भरतं. आमच्या आत्याच्या चेहऱ्यावर देवीच्या खुणा होत्या, त्या सगळ्या गुळगुळीत करून टाकल्या. दिसते छान, पण ती आत्या नाही. साठवायची ती न शिवलेली प्रत.

पाचपाखाडीकर
दोन डिस्का मागवल्या, एक बहिणीकडे नाशिकला जाईल. क्लाउडचे पैसे भाऊ भरणार, हे तुमचे प्रतिसाद दाखवून कबूल करून घेतलं. बायकोला पंचाहत्तरीची एक डीव्हीडी करून देतोय, घरात शांतता हवी. जुना टेप काका, तुमचं खरं निघालं. चुलतबहिणीच्या लग्नाच्या फायलीत निळ्या पडद्यानंतर थांबवलंय. कॅसेट परत नेऊन देतोय, तो म्हणाला पुढचं बघून फुकट करून देतो.

कॅसेटी अजून टाकलेल्या नाहीत. बाहेरच्या पट्ट्यांवर बाबांचं अक्षर आहे, तेवढ्यांचे फोटो काढून त्याच फोल्डरांत ठेवलेत.

बेलापूरचा बोका
म्हणजे डीव्हीडी झालीच शेवटी.

वाशी_सेक्टर९
धागा आजच वाचला. माझ्याकडे हाय-८ च्या कॅसेटी आहेत, कॅमेरा बिघडलाय. ओएलएक्सवर एक डिजिटल-८ चा कॅमेरा दिसतोय, त्यात चालतील का?

जुना टेप
काही डिजिटल-८ कॅमेरे हाय-८ वाचतात आणि फायरवायरने बाहेरही काढतात, सगळे नाही. मॉडेल नंबर इथे टाका, बघून सांगतो. आणि पैसे देण्याआधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट घेऊन जा, समोर लावून, पुढे-मागे पळवून, बाहेर काढून बघा. विकणारा "चालू आहे" म्हणतो तेव्हा बऱ्याचदा फक्त लाल दिवा लागत असतो.